जुनी पाठदुखी : विश्रांतीकडून हालचालीकडे

उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाला बोलवायचे आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा, ही रीत महाराष्ट्रातल्या गावोगावी आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेली आहे. त्या पायात गुण असो वा नसो, उसण चार-आठ दिवसांत उतरायची, कारण अचानक भरलेली बहुतेक उसण आपोआपच उतरते. कंबर धरली, मान आखडली, तरी बहुतेकांना काही दिवसांत, फार तर महिना-दीड महिन्यात पुष्कळ आराम पडतो. प्रश्न उरतो तो ज्यांना पडत नाही त्यांचा. जे तीन महिने उलटूनही हटत नाही किंवा हटून वारंवार परत येते, त्या दुखण्याला वैद्यकात जुनाट म्हणतात. हा लेख त्या दुखण्याविषयी आहे.

ही माणसे थोडीथोडकी नाहीत. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींवर जाईल, असा आजारांच्या जागतिक भाराचा अभ्यास करणाऱ्यांचा अंदाज आहे. मानदुखीचे रुग्ण आणखी २० कोटी. माणसाला अधू करून जगायला लावणाऱ्या कारणांत कंबरदुखी १९९० पासून पहिल्या क्रमांकावर आहे. तिने माणूस मरत नाही, म्हणून तिची बातमी होत नाही. पण ती वर्षानुवर्षे माणसाची झोप, कमाई आणि उमेद खात राहते, आणि वरून ‘एवढं काय दुखतंय, दिसत तर काहीच नाही’ हे ऐकायला लावते ते वेगळेच.

या दुखण्याविषयीची वैद्यकाची समज गेल्या चाळीस वर्षांत जवळजवळ उलटी झाली आहे. आपल्या घरांत आणि बऱ्याच दवाखान्यांत मात्र जुनीच समज नांदते आहे. माझे मत असे, की आपल्याकडच्या जुनाट पाठदुखीतला बराचसा त्रास या न पोचलेल्या माहितीने वाढवलेला आहे.

जुनी समज आली कुठून? १९३४ साली बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या डॉक्टरांनी दाखवून दिले, की दोन मणक्यांमधल्या चकतीचा आतला भाग बाहेर येऊन नस दाबली गेली तर पायात कळा जातात आणि शस्त्रक्रियेने तो दाब काढता येतो. शोध खरा होता. सायटिकाच्या कित्येक रुग्णांना त्याने पायावर उभे केले. पण पुढची पन्नास वर्षे प्रत्येक कंबरदुखीचे खापर चकतीवर फुटू लागले. चकती बिघडली तर पाठ नाजूक, पाठ नाजूक तर तिला जपायचे, जपायचे म्हणजे हलायचे नाही. फळीवर झोपवणे, पायाला वजने लावणे, पट्टे बांधणे, आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवणे हे सगळे त्यातून आले आणि मग तेच शहाणपण ठरले.

ते तपासून पाहायला १९८० चे दशक उजाडावे लागले. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो यांनी कंबरदुखीच्या २०३ रुग्णांचे दोन गट केले. एकाला दोन दिवस विश्रांती सांगितली, दुसऱ्याला सात दिवस. आराम दोघांना सारखाच पडला, मात्र दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. १९९५ मध्ये हेलसिंकीत याच्या पुढचे पाऊल टाकले गेले. काहींना अंथरुणात ठेवले, काहींना ठरावीक व्यायाम दिले आणि काहींना फक्त सांगितले, की झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवा. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. ग्लासगोच्या गॉर्डन वॉडेल यांनी तर १९८७ मध्येच लिहून ठेवले होते, की कंबरदुखीला केवळ हाडा-चकतीचा बिघाड समजून चालणार नाही. माणसाची भीती, त्याचे काम, त्याच्या भोवतीची माणसे यांचाही त्यात वाटा असतो आणि लांबलेली विश्रांती नुकसानच करते. हे लिहिणारा माणूस अस्थिशल्यविशारद होता, म्हणून त्याला विशेष वजन आहे.

मग चित्रांचे युग आले. एमआरआयने मणका आतून दाखवला आणि आपण दिसेल त्यावर विश्वास ठेवला. आज तालुक्याच्या गावीही कंबर दुखली की पिशवीतून फिल्म निघतात. अहवालात लिहिलेले असते, ‘एल-४, एल-५ डिफ्यूज डिस्क बल्ज, डिजनरेटिव्ह चेंजेस’. घरी त्याचे भाषांतर होते, ‘मणक्यात गॅप आलाय’. पण १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांची, म्हणजे ५२ टक्क्यांची, एक तरी चकती फुगलेली निघाली. सगळ्या चकत्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के. २०१५ मध्ये न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र मांडल्या गेल्या, त्यात विशीतल्या ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या होत्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. म्हणजे हा बदल वयाबरोबर येतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

‘गॅप’चेही सांगायला हवे, कारण या एका शब्दाने हजारो माणसांना वाकायचे थांबवले आहे. साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसते, चकती दिसत नाही, म्हणून दोन मणक्यांमध्ये मोकळी जागा आहे असे भासते. ती जागा प्रत्येकाच्या मणक्यात असते आणि तिथे चकती असते. वयाने चकतीतले पाणी कमी होते तेव्हा ही जागा उलट थोडी आक्रसते. चकती ‘सरकत’ही नाही, ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट धरलेली असते, बाहेर येतो तो तिच्या आतला गर. आणि बाहेर आलेला हा गर पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेते. जितका मोठा तुकडा बाहेर, तितकी तो विरघळून जाण्याची शक्यता अधिक. अहवाल हातात देताना ही चार वाक्ये सांगितली जात नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

एमआरआय निरुपयोगी आहे असे मात्र कुणी समजू नये. काही दुखणी अशी असतात की तिथे दिरंगाई महागात पडते. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे. पाय लुळा पडत चालला, किंवा मानदुखीबरोबर हाताने बटण लावणे जमेनासे होऊन चालताना तोल जाऊ लागला, तरीही थांबायचे नाही. वजन उतरतेय, संध्याकाळी अंग कोमट होते, रात्री दुखण्याने जाग येते अशी पाठदुखी असेल तर आपल्या देशात पहिली शंका क्षयाची घ्यावी. हाडांचा क्षय सर्वाधिक मणक्यातच होतो आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा भारतात आहे. वेळेत ओळखला तर तो बहुधा औषधांनी बरा होतो, उशीर झाला तर माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. विशी-तिशीतल्या मुलाची कंबर सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली राहते, विश्रांतीने वाढते आणि हिंडल्याफिरल्यावर सुटते, तर ती संधिवाताची एक जात असू शकते. तिचे नाव अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस, तिच्यावर आता चांगली औषधे आहेत, आणि तरीही निदानाला वर्षे लागतात, कारण तोवर सगळे ‘गॅप’वर उपचार करत बसतात. कर्करोग होऊन गेलेला असणे, जोराचा मार लागलेला असणे, उतारवयात हाडे ठिसूळ होऊन मणका दबलेला असणे, ही कारणेही ध्यानात ठेवायची. तपासणी अशांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी ती लगेच व्हायला हवी. दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत यातले काहीच नसते.

काहीच नसते, तर दुखते का? इथे बरेच डॉक्टर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून मोकळे होतात आणि रुग्णाला वाटते, आपल्याला खोटे ठरवले. ते दुखणे खरेच असते. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले, की वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत सरळ जात नाही. मज्जारज्जूत त्याच्यावर दारे आहेत आणि ती कमी-अधिक उघडतात. पुढच्या संशोधनाने दाखवले, की दुखणे लांबले की हे जाळेच हळवे होते. चोरी होऊन गेल्यावर वाडीतला कुत्रा पानाच्या सळसळीलाही भुंकू लागतो, तसे काहीसे हे आहे. मूळची इजा भरून आलेली असते, पण वाकणे, उचलणे, खुर्चीत बसणे यालाही शरीर धोका समजते. अपुरी झोप, घरातली काळजी, नोकरीवरचा दबाव यांनी ते आणखी बिथरते. भीतीने माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने स्नायू ढिले पडतात आणि अंग आखडते, मग थोड्याशा श्रमानेही दुखते, की भीती खरी ठरल्यासारखी वाटते. या फेऱ्यात सापडलेल्याला नुसती गोळी बाहेर काढू शकत नाही.

माझ्या मावशीने रिपोर्ट हाती आल्यापासून कित्येक वर्षे जमिनीवर बसणे सोडले होते. पूजा खुर्चीत, जेवण टेबलावर, नातवंडाला उचलणे बंद, आणि चोळीवरून कायमचा तो रुंद पट्टा. एका फिजिओथेरपिस्टने तिला मशीन लावण्याऐवजी न्हाणीघरातली रिकामी बादली आणायला सांगितली. ती उचलून ठेवायला लावली. मावशी श्वास रोखून, कंबर काठीसारखी ताठ धरून उचलत होती. ‘श्वास सोडा, पाठ सैल सोडा, आता उचला,’ एवढेच ती मुलगी सांगत राहिली. पुढच्या आठवड्यात बादलीत तांब्याभर पाणी पडले, मग दोन तांबे. दुखत नव्हते असे नाही. पण दुखले म्हणजे काहीतरी तुटले असे नव्हे, हे तिला त्या बादलीने पटवले. अर्ध्या बादलीपर्यंत पोचल्यावर तिने पट्टा आपणहून कपाटात टाकला. कंबर आजही अधूनमधून दुखते. ती पाटावर बसून मोदक वळते.

हेच आता शास्त्रशुद्ध रूपात उभे राहिले आहे. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात ४९२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ज्या हालचालीची भीती बसली आहे तीच हळूहळू करून घेणारे, भीती आणि सवयी उलगडणारे उपचार अवघ्या सातेक भेटींत दिले गेले आणि त्यांचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला आढळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. दुखणे समजावून सांगणे, व्यायाम, मानसोपचारातल्या काही पद्धती, मालिश, हाताने केले जाणारे मणक्याचे उपचार आणि गरजेपुरत्या दाहशामक गोळ्या यांना तिने मान्यता दिली. वजन लावणे, कमरेचे पट्टे, अल्ट्रासाउंडचा शेक आणि अफूवर्गीय वेदनाशामके देऊ नयेत असे सांगितले. आपल्याकडच्या ‘दहा सिटिंग’च्या पॅकेजात नेमके काय असते ते आठवून पाहा. ज्या फिजिओथेरपीत रुग्ण पालथा पडून राहतो आणि काम यंत्र करते, तिच्यावर पैसे घालू नयेत. चांगला फिजिओथेरपिस्ट तुम्हाला घाम आणतो आणि काही आठवड्यांत तुम्हाला स्वतःची गरज उरू देत नाही.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुखणे उसळले असता चार दिवस घ्यायला हरकत नसते, पण महिनोन्महिने मेडिकलमधून स्वतःच आणून खाल्ल्या तर जठर आणि मूत्रपिंड यांची हानी होते, रक्तदाब वाढतो. प्रिगॅबालिन आपल्याकडे कंबरदुखीच्या जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर दिसते. सायटिकाच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली तेव्हा ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरले नाही, चक्कर मात्र अधिक जणांना आली. शस्त्रक्रियेचे दोन भाग करायला हवेत. नस दबून पायात असह्य कळा असतील तर तिने लवकर आराम पडतो. नेदरलँड्समध्ये २००७ साली अशा २८३ रुग्णांत लवकर शस्त्रक्रिया केलेले आधी बरे झाले, पण वर्षाअखेर थांबलेलेही त्यांच्या बरोबरीला आले. म्हणजे निवड रुग्णाची आहे, घाईची नाही. नुसत्या जुनाट कंबरदुखीसाठी मणके स्क्रूने जोडून घेण्याआधी मात्र दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे. जाता जाता गादीचे: कडक गादी, फरशी, फळी यांचा आग्रह सोडून द्यावा. स्पेनमधल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम गादीवर झोपणाऱ्यांना बरे वाटले.

व्यायाम कोणता, हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर निराश करणारे वाटेल, पण ते मुक्त करणारे आहे: जो तुम्ही सोडणार नाही तो. कोणता एकच प्रकार सरस, असे सिद्ध झालेले नाही. योगाच्या बाबतीत पुण्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची, दोर यांच्या आधाराने आसने आखडलेल्या शरीरांच्या आवाक्यात आणली, आणि त्यांच्या पद्धतीची वेस्ट व्हर्जिनियातल्या जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर चाचणी होऊन दुखणे, अधूपणा आणि नैराश्य तिन्ही कमी झाल्याचे २००९ मध्ये नोंदले गेले. ज्यांना वर्ग परवडत नाही त्यांच्यासाठी रस्ता आहे. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांवर ऑस्ट्रेलियात चालण्याची चाचणी झाली. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात दुखणे परतायला साधारण २०८ दिवस लागले, इतरांत ११२. हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

जगण्यातली खरी कसरत असते ती मापाची. बरे वाटले त्या दिवशी माळा आवरायचा, दिवाळीचा फराळ एका बैठकीत उरकायचा, आणि मग तीन दिवस झोपून राहायचे, या चक्रात बहुतेक रुग्ण अडकतात. चांगल्या दिवशीही ठरवले तेवढेच आणि वाईट दिवशीही थोडे तरी, ही शिस्त अंगवळणी पडली की उसळ्या विरळ होतात. दुखणे शून्यावर येईल अशी वाट बघण्यापेक्षा या महिन्यात काय करता येऊ लागले ते मोजावे. झोप आणि तंबाखू, दोन्हींचा या दुखण्याशी संबंध आहे. धूम्रपान आणि वजन यांचे नाव कंबरदुखीच्या जोखमीत पुन्हा पुन्हा येते.

मानेचे गणित याहून फार वेगळे नाही. मोबाइलमध्ये मान घातली की तिच्यावर २७ किलोचा भार येतो, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो २०१४ साली संगणकावर मांडलेल्या एका प्रतिकृतीतला आहे, माणसांच्या दुखण्याचा नाही. मान वाकणे हा तिचा धर्मच आहे. तासन्‌तास एकाच स्थितीत राहणे तिला जड जाते. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ कर्मचाऱ्यांना रबरी पट्टी ओढण्याचा व्यायाम दिला, तेव्हा रोज दोन मिनिटे करणाऱ्यांनाही दहा आठवड्यांत फरक पडला. गळ्यात कॉलर घालून महिनोन्महिने वावरणाऱ्यांनी ही दोन मिनिटे लक्षात ठेवावीत.

इथवरचा सगळा सल्ला ज्याच्या हाती आपला दिवस आहे त्याच्यासाठी झाला. बीडकडून कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड बाईला ‘रोज अर्धा तास चाला’ हे सांगण्यात काय अर्थ आहे? ती पहाटेपासून वाकून ऊस तोडते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. कंबर धरली म्हणून बसली तर खाडा पडतो आणि आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. कोकणात लावणीला चिखलात दिवसभर वाकणाऱ्या बायका, बाजार समितीतले हमाल, दिवसभर खड्ड्यांतून दुचाकी हाकणारी डिलिव्हरीची मुले, यांच्या पाठीला व्यायामाची नाही, ओझे हलके होण्याची आणि मधल्या विसाव्याची गरज आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली आणि बाईसाठी त्याहून बरीच कमी. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो हमालांनी लढून मिळवला. ओझ्याचा प्रश्न डॉक्टरच्या खोलीत सुटत नाही, तो कायद्याने आणि संघटनेने सुटतो, हे आपल्याच राज्याने देशाला शिकवले. तो धडा उसाच्या फडापर्यंत न्यायचे काम बाकी आहे.

माहितीचा भाग तर त्याहून सोपा आहे. १९९७ पासून ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने टीव्हीवरून एकच गोष्ट सांगितली: पाठ दुखली तरी झोपून राहू नका, हिंडते राहा, कामावर राहा. लोकांची समजूत बदलली, डॉक्टरांची बदलली आणि पाठदुखीच्या भरपाईचे दावेही घटले. आपल्याकडे आकाशवाणी आहे, आशा सेविका आहेत, गावोगाव आरोग्य उपकेंद्रे आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाने क्षयाच्या आणि लकव्याच्या धोक्याची लक्षणे आणि बाकीच्यांसाठी हालचालीचा निरोप, या दोन गोष्टी एका पानावर मराठीत छापून प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लावाव्यात. आणि एमआरआयचा अहवाल देणाऱ्या प्रत्येक केंद्राने, तुमच्या वयात असे बदल न दुखणाऱ्या किती जणांत दिसतात, हे एक वाक्य त्याच कागदावर लिहावे. त्याला नवे यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही.